आजीला एक आठवडा जिंकू द्या

प्रति,
आरोग्य, शेती, पाणी, शिक्षण, महिला व बालविकास अशा विषयांवर रेडिओ-मालिका करून घेणाऱ्या खात्यांचे आणि संस्थांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडून मालिकेचे काम येते तेव्हा सोबत एक तक्ता येतो. डाव्या रकान्यात भागाचा क्रमांक, उजव्या रकान्यात त्या भागात आलेच पाहिजेत असे ‘प्रमुख संदेश’. बहुतेक वेळा तीन, कधी पाच. भाग दहा मिनिटांचा. शेवटी डॉक्टर, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक यांच्या तोंडी सगळ्याचे सार हवे. मालिका तेरा भागांची, आणि तेराच्या तेरा संहिता समितीपुढे एकदमच हव्यात. मी सामुदायिक रेडिओसाठी (म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या केंद्रांसाठी) आणि अधूनमधून आकाशवाणीसाठी अशा मालिका लिहितो. माणूस कमी पडला तर ध्वनिमुद्रणात दाराची कडीही वाजवतो. हे पत्र त्या तक्त्याबद्दल आहे.

तक्ता करणाऱ्याच्या हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तेरा भागांची मालिका मागून आपण तेरा सुट्या जाहिराती करून घेता, पात्रांची नावे तेवढी तीच राहतात. पहिल्या भागात सासूबाई अडून बसतात, सातव्या मिनिटाला आशाताई येतात, नवव्या मिनिटाला सासूबाईंना पटते. दुसऱ्या भागात विषय दुसरा, सासूबाई पुन्हा अडून बसलेल्या. तिसऱ्या भागापर्यंत ऐकणारीच्या लक्षात येते की या घरात कुणाचे काहीच अडत नाही, आशाताई आल्या की सगळे सुटते. मग ती दळण उचलून गिरणीकडे जाते.

मालिकेचे खरे काम रेडिओ बंद झाल्यावर सुरू होते. मंगळवारी ऐकलेला भाग पुढच्या मंगळवारपर्यंत लोकांच्या बोलण्यात टिकला पाहिजे. त्या पोरीने काय करायला हवे होते यावर नळावर, गिरणीत, कापूस वेचताना दोन बायकांचे वाजले, तर आपला विषय त्यांच्या तोंडून आपसूक बोलला जातो, आणि तो बोलण्यासाठी कुणाला मानधन द्यावे लागत नाही. वाजण्यासाठी भाग संपताना काहीतरी उघडे राहायला हवे. आपला तक्ता नेमके तेवढेच बंद करतो.

एक उदाहरण देतो. एका संस्थेसाठी मी किशोरवयीन मुलींच्या रक्तक्षयावर मालिका लिहीत होतो. विषय किती मोठा आहे हे मी आपल्याला सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते. ती जेवल्यावर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, आणि कशीही घेतली तरी शौचाला काळी होते. हे काळे होणे घरोघर माहीत आहे. माझ्या मालिकेतली शेवंता आजी नातीला म्हणते, “काळं होतंय म्हंजे आत कायतरी जळतंय, रेश्मे. टाक ती गोळी मोरीत.”

समितीने तो संवाद काढायला लावला. समासातला शेरा एकाच शब्दाचा होता: नकारात्मक. त्याऐवजी आजीने कुतूहलाने विचारावे, “ही निळी गोळी कशासाठी गं बाळा?” आणि रेश्माने फायदे सांगावेत, असे सुचवले गेले. तसे झाले. भाग प्रसारित झाला. त्याबद्दल कुणीच काही बोलले नाही, बरेही नाही आणि वाईटही नाही.

आता जरा आजीच्या बाजूने पाहा. तिने जे पाहिले ते खरे आहे. काळे होतेच. तिने लावलेला अर्थ चुकला आहे. आपल्या यादीत ‘रंग बदलला तरी घाबरू नका’ हा संदेश ठळक अक्षरांत होता, पण घाबरलेले माणूसच कथेतून काढून टाकल्यावर ‘घाबरू नका’ हे सांगायचे कुणाला?

मला ती मालिका अशी करायची होती. पहिल्या भागात आजी गोळी मोरीत टाकते आणि रेश्माला उत्तर सुचत नाही. दुसऱ्या भागात रेश्मा आजीला चोरून, सकाळी काही न खाता शाळेत गोळी घेते आणि वर्गातच ओकते. तिला घरी आणून सोडतात. सगळी आळी म्हणते, म्हातारी बरोबर होती. तो आठवडा आजीचा. ऐकणाऱ्यांतल्या ज्या बाया मनातून आजीच्याच पक्षात आहेत (आणि त्या पुष्कळ आहेत) त्यांना पहिल्यांदा वाटते की ही मालिका आपली आहे. चौथ्या भागात रेश्माची मैत्रीण सहज बोलून जाते, “मला पण काळंच होतं की. पण मी डबा खाऊन घेते.” डॉक्टर नाही, भाषण नाही. आजी शेवटपर्यंत हार मानत नाही. फक्त नवव्या भागात, ताट वाढता वाढता, रेश्माकडे न बघता म्हणते, “आधी चार घास खा. मग घे ती तुझी निळी गोळी. आणि वर चहा मागू नको.” आपल्या यादीतले दोन संदेश, जेवल्यावर गोळी आणि गोळीवर चहा नको, त्या एका ओळीत आहेत. पण ती ओळ नवव्या भागात येते, पहिल्या भागात ती कुणाच्या कानात राहिली नसती.

‘पण एखादीने नेमका तो दुसराच भाग ऐकला आणि पुढचे ऐकलेच नाहीत तर?’ हा प्रश्न समितीच्या प्रत्येक बैठकीत येतो आणि तो वायफळ नाही. उत्तर कारागिरीचे आहे. आजी जिंकते त्याच भागात दुसरा एखादा आवाज शंकेची टाचणी टोचून जातो: शेजारची मुलगी म्हणते, मी तर दर सोमवारी घेते, मला काही झालं नाही. तिला कुणी उत्तर देत नाही, प्रसंग पुढे सरकतो. तेवढे पुरते. मात्र काही गोष्टी आठवडाभर टांगून ठेवायच्याच नसतात, हे मला पूर्ण मान्य आहे. साप चावलेल्या माणसाला मांत्रिकाच्या ओट्यावर सोडून ‘पुढील भागात ऐका’ म्हणता येत नाही. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यालाही नाही. तिथे भाग संपण्याआधी माणूस जीपमध्ये बसून दवाखान्याच्या वाटेला लागलेला असलाच पाहिजे. टांगायचे असेल तर जीपचे पैसे कोण देणार हे टांगा. कोणती गोष्ट कोणत्या जातीची हे लेखकाने आणि डॉक्टरने शेजारी बसून ठरवायचे असते. समासातल्या शेऱ्यांनी ते ठरत नाही.

हे सांगणारा मी पहिला नाही. टांझानियात १९९३ साली सरकारी रेडिओने कुटुंबनियोजन आणि एड्स या विषयांवर स्वाहिलीत ‘ट्वेंडे ना वाकाती’ नावाची मालिका सुरू केली. तिच्यात म्क्वाजू नावाचा ट्रकचालक होता, रस्त्यावरच्या गावोगावी मैत्रिणी असलेला. त्याला दुसऱ्या भागात उपरती झाली नाही. तो तसाच वागत राहिला, त्याची बायको टुनू शेवटी त्याला सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिली, आणि तो एड्सने गेला. डोडोमा भागात ही मालिका पहिली दोन वर्षे मुद्दाम ऐकवलीच नाही, म्हणजे ऐकणारे आणि न ऐकणारे यांची तुलना करता यावी. जिथे ऐकवली तिथे कुटुंबनियोजनाची साधने वापरण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. परिणामांचे आकडे मागणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने तो अभ्यास जरूर वाचावा, पण वाचताना हेही पाहावे की त्या सगळ्याचा भार एका न सुधारणाऱ्या माणसावर होता.

आपल्या देशातले उदाहरण १९९६-९७ मधले. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्राने ‘तिनका तिनका सुख’ ही १०४ भागांची हिंदी मालिका केली. ती ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावच्या लोकांनी एका मोठ्या कागदावर, हुंडा देणार नाही आणि घेणार नाही असे लिहून, खाली सह्या-अंगठे करून आकाशवाणीला पाठवले. पुढे तिथे गेलेल्या अभ्यासकांना बदल सरळ रेषेत दिसला नाही, बोलणे आणि वागणे यांत अंतर होतेच. मला हे उलट जास्त खरे वाटते. पण १०४ भाग! आपण तेरा देता, आणि त्यातला शेवटचा मान्यवरांच्या मनोगतासाठी राखून ठेवता.

पुण्याचे उदाहरण तर याहून जुने, आणि ते आपण विसरलो याची मला खंत वाटते. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातले निवडक लोक रेडिओभोवती बसून ऐकत आणि कार्यक्रम संपल्यावर आपापसांत चर्चा करत. त्या प्रयोगाची बांधणीच मुळी रेडिओ बंद झाल्यानंतरच्या गप्पांवर होती. आज १०० वॅटच्या सामुदायिक केंद्राला हे त्याहून सोपे जाईल, कारण त्याचे सगळे श्रोते दहा-पंधरा किलोमीटरच्या आत राहतात आणि निम्मे एकमेकांचे पाहुणे असतात.

आणि आठवडाभर वाट पाहायला लावणे ही काय चीज असते ते मराठी माणसाला तरी समजावून सांगायला नको. रामाचे पुढे काय होणार हे १९५५ साली महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नव्हते? तरी १ एप्रिलपासून पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ सुरू केले आणि छप्पन्न गीते होईपर्यंत लोक दर आठवड्याला रेडिओपुढे बसले.

आता थोडे कामाचे, कारण संहितेवरचे शेरे वाचताना असे वाटते की ध्वनिमुद्रण कसे होते हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही.

दहा मिनिटांच्या भागातून शीर्षकसंगीत, मागचा धागा आणि शेवटची श्रेयनावे वजा केली की माझ्या हातात साडेआठ मिनिटे उरतात. म्हणजे हजार शब्द, फार तर थोडे वर. त्यात आपल्याला सरपंच, ग्रामसेवक, आशा, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक आणि ‘एक जागरूक युवक’ इतके सगळे हवे असतात, कुणी राहून गेले असे वाटायला नको म्हणून. रेडिओवर जो माणूस अर्धा मिनिट बोलला नाही तो खोलीतून निघून गेलेला असतो. एका प्रसंगात तीन आवाज, चौथा आला तर एकाने बाहेर जायचे. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत, म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, एवढ्या तीन आवाजांत अख्खा संसार उभा राहत असे. एका वयाच्या दोन बायका एकत्र आणल्या तर एकीचा आवाज जाड हवा किंवा एकीने तरी सतत घाईत असले पाहिजे. सुमन आणि सुनीता अशी नावे एका मालिकेत ठेवायची नाहीत. आपल्या एका कार्यालयाने माझ्या ‘गोदा’चे ‘सुनंदा’ केले, नाव आधुनिक वाटावे म्हणून. घरात आधीच सुशीला होती.

आवाजांबद्दल तर मला पानेच्या पाने लिहावीशी वाटतात, आवरतो. संहितेत ‘शेतातील वातावरण’ असे कुणी लिहिले की तंत्रज्ञ पक्ष्यांची किलबिल टाकतो, साठवणीतली, बहुधा कुठल्या तरी परदेशी जंगलातली. आमच्याकडच्या शेताचा आवाज म्हणजे लांबवर चालू असलेली पाण्याची मोटर, आणि ती अचानक थांबणे. मोटर थांबली की ऐकणाऱ्याला कळते, वीज गेली. निवेदकाने सांगावे लागत नाही. एसटीच्या घंटीचे दोन ठोके पडले की गाडी सुटली, एक पडला की थांबली. त्यावर सासरी निघालेल्या मुलीचा अख्खा प्रसंग उभा राहतो. बायकांना ध्वनिमुद्रणाआधी बांगड्या काढून ठेवायला सांगतो, नाहीतर प्रत्येक वाक्यामागे किणकिण येते. मग जिथे हवी तिथेच एक बांगडी वाजवायची: आजी गोळी टाकायला हात उचलते तिथे. संहितेच्या पानांची टाचणी काढून कागद सुटे करायचे, उलटताना फडफड नको म्हणून. खोली घुमत असेल तर खिडकीला गोधड्या लावायच्या. हे सारे दोन मायक्रोफोनवर होते. फक्त त्यासाठी संहितेत शांतता हवी, आणि साडेआठ मिनिटांत पाच संदेश बसवायचे तर पहिला बळी शांततेचा जातो.

दिल्लीहून येणाऱ्या हिंदी संहितांचाही एक मासला सांगतो. अनेक राज्यांना एकच संहिता, आम्ही ती मराठीत ‘करून’ लावायची. एकीत नायक-नायिका मोहरीच्या फुललेल्या शेतात भेटत होते. मराठवाड्यातल्या ज्या केंद्रासाठी ती होती तिथल्या लोकांनी मोहरी पाहिली आहे ती फोडणीत. कलाकारांनी हसू दाबत वाचले आणि शेवटी तुरीत भेट घडवली. पण शेत बदलून भागत नाही. तूर उभी असते तेव्हा गावातली निम्मी घरे ऊसतोडीला गेलेली असतात, मग नायिकेचे वडील घरी कसे, भावाचे लग्न त्या महिन्यात कसे, एकेक धागा ओढला की सगळे उसवते. तथ्ये दिल्लीहून येऊ द्यात, कथा इथेच होऊ द्या. सामुदायिक रेडिओच्या धोरणातसुद्धा किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तिथेच तयार व्हावेत असे म्हटले आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. भागागणिक दर मागवून सर्वांत कमी दराला काम देण्याची पद्धत पंखे विकत घ्यायला ठीक असेल. त्या दरात लेखकाला जे मिळते त्यात तो तेरा भाग एका बैठकीत उरकतो, आणि कलाकारांना चहा-वडापाव मिळतो. आमचे कलाकार म्हणजे अंगणवाडीच्या ताई, दूध डेअरीवरचा मुलगा, निवृत्त कंडक्टर. संध्याकाळची कामे उरकून ते रात्री नऊला येतात. त्यांना प्रत्येक वेळी मानधन मिळाले पाहिजे, थोडे का होईना, हातात. सामुदायिक रेडिओवरच्या सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ करण्याची घोषणा २०२३ साली झाली, ते चांगलेच झाले. पण मालिकेचे मोल सेकंदांवर मोजायला लागलो की थांबणे, श्वास, मोटर बंद पडल्यानंतरची ती तीन सेकंदे, सगळे फुकट गेलेले पैसे वाटू लागते.

मग आपण तपासायचे काय? तपासाच, पण कथासूत्र आणि तथ्ये तपासा. एक पानाची कथा, एक पानाची तथ्यपत्रिका: मात्रा किती, गोळी कधी, काय झाले तर लगेच दवाखाना. त्यात आमची चूक एका अक्षराचीही खपवून घेऊ नका. संवाद मात्र आमच्यावर सोडा. बीबीसीची ‘द आर्चर्स’ ही मालिका १९५१ पासून देशभर सुरू झाली ती शेतकऱ्यांना उत्पादन वाढवण्याची माहिती मिळावी म्हणून, ब्रिटनच्या कृषी मंत्रालयाच्या सल्ल्याने. ती अजून चालू आहे. सल्ला मंत्रालयाचा होता, माणसे लेखकांची होती. डॉक्टरांचे मार्गदर्शन हवेच असेल तर ते भाग संपल्यावर वेगळे पाच मिनिटे ठेवा, फोन घ्या, आजीवर चिडलेल्यांना आणि आजीची बाजू घेणाऱ्यांना बोलू द्या, मग डॉक्टरांना बोलू द्या. तेव्हा लोक त्यांचे ऐकतील, कारण तोवर त्यांना स्वतःला काहीतरी विचारायचे असेल.

आणखी एक. तेराही संहिता आधी मागू नका. चार भाग लिहू, मुद्रित करू, लावू. लोक कुणाच्या बाजूने आहेत ते पाहू आणि मग पुढचे चार लिहू. दूध डेअरीवरच्या मुलाने केलेला रेश्माचा भाऊ लोकांना इतका आवडेल हे मला आधी कसे कळणार? त्याच्या वाट्याला तेराव्या भागापर्यंत सहा वाक्ये लिहून मोकळे झालो असू तर तो तिथेच वाया गेला. वेळही एकच ठेवा, मंगळवारी संध्याकाळी सात म्हणजे सात. मंत्रीमहोदयांच्या भाषणासाठी ती एकदा जरी हलली तरी ऐकणारे पुन्हा जमवायला महिना जातो.

पुढच्या मालिकेच्या मंजुरीची बैठक ठेवाल तेव्हा संहितेच्या प्रती वाटू नका. पहिले दोन भाग आम्ही मुद्रित करून आणतो, आमच्या खर्चाने. खोलीतले दिवे चालू राहू द्यात, चहा येऊ द्यात, लोक रेडिओ असाच ऐकतात. खाली गाडीपाशी थांबलेल्या चालकांना आणि चहा आणणाऱ्या मावशींनाही आत बोलवा. भाग संपल्यावर ‘कसा वाटला’ असे विचारू नका, त्याला सगळे ‘चांगला’ म्हणतात. आजी आता काय करेल, एवढेच विचारा. चालकाने आणि मावशींनी वेगवेगळी उत्तरे दिली तर त्याच बैठकीत सही करा. दोघेही गप्प राहिले तर संहिता परत द्या, मी नव्याने लिहून आणतो.

आपला,
एक रेडिओ-लेखक